रिकामी जागा

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी दूर जातात. ट्रकमध्ये भांडीकुंडी चढतात, त्यांबरोबर मुलेही. वर्गात त्यांची जागा रिकामी राहते.

महाराष्ट्रातील अनेक शाळांत मुलामुलींचा ‘मीना-राजू मंच’ असतो. मीना ही युनिसेफच्या चित्रकथांतील मुलगी. भाऊ राजू शाळेत जाई. हिच्या वाट्याला घरकाम. तिने आपल्या मिठू पोपटाला शाळेत धाडले व त्याच्याकडून अंक शिकून घेतले. एके दिवशी कोंबड्या मोजताना एक कमी भरली आणि चोर सापडला! तेव्हा कोठे वडिलांनी तिला शाळेत घातले.

मंचातील मुलांनी आपला वर्ग असाच मोजावा. समजा, उमरी तालुक्यातील एखाद्या शाळेत एक मुलगी कमी भरली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यान्वये ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. गाव सोडावे लागले, तर दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळतो. दाखल्यास विलंब झाला, एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. उसाच्या फडावर राबणाऱ्या आईबापांना हे ठाऊक असतेच असे नाही. ते त्यांना सांगावे. मुलगी आजीपाशी राहणार असेल, तर गुरुजींकडे हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. शासनाची ती योजना अशा मुलांसाठीच आहे. मात्र हे सारे दिवाळीपूर्वी व्हावे. ट्रक एकदा हलला, की मागाहून निरोप पोहोचणे कठीण.