‘स्मृतिचित्रे’मधील ख्रिस्ती श्रद्धा आणि दैनंदिन आचार

लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी समीक्षेने त्याचा गौरव प्रामुख्याने तीन कारणांसाठी केला आहे: निवेदनाचा सहजपणा, विनोदाची निर्मळ दृष्टी आणि एका विलक्षण कविपतीबरोबरच्या संसाराचे चित्रण. हे तिन्ही गुण निर्विवाद आहेत. तथापि या गौरवात ग्रंथातील श्रद्धेचा प्रश्न मात्र बाजूला पडतो. ‘धर्मांतर’ हा कथानकातील एक नाट्यपूर्ण टप्पा मानला जातो आणि तो ओलांडला की वाचक पुन्हा विनोदाकडे वळतो. धर्मांतर ही घटना आहे. श्रद्धेने जगणे ही प्रक्रिया आहे. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ घटनेचा नसून प्रक्रियेचा आहे आणि ही प्रक्रिया प्रार्थनामंदिरापेक्षा स्वयंपाकघरात अधिक घडते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. पूर्वपरंपरा: युक्तिवादाची आत्मकथा

मराठीतील ख्रिस्ती लेखनाची परंपरा फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’पर्यंत मागे जाते. परंतु स्वतःच्या धर्मांतराचा वृत्तान्त गद्यात सांगण्याची रीत एकोणिसाव्या शतकातील आहे. या संदर्भात बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ (१८८८) महत्त्वाचे ठरते. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये झाला. त्यांच्या आत्मकथेचा कणा वैचारिक आहे. वाचन, वाद, शंका, शंकानिरसन आणि अखेर निर्णय अशा क्रमाने तेथे मन बदलते. एका सुशिक्षित तरुणाचा बुद्धीने केलेला प्रवास, असे त्या ग्रंथाचे वर्णन करता येईल.

नारायण वामन टिळकांचा प्रवासही आरंभी याच जातीचा होता. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना ओढून घेतले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ज्या प्रवचनाने टिळकांना जिंकले त्याचा विषय मुळात आचरणाचा आहे. शत्रूशी कसे वागावे, दान कसे करावे, उद्याची चिंता का करू नये, हे त्यात सांगितले आहे. टिळकांनी ते वाचले आणि स्वीकारले. परंतु उद्याची चिंता न करणाऱ्या पुरुषाच्या घरात उद्याचे धान्य कोठून येणार, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आला. एकाच वचनाचा अर्थ दिवाणखान्यात एक आणि चुलीपाशी दुसरा असतो, याची ही जाणीव ‘अरुणोदया’च्या वाचकास सहसा होत नाही.

२. सोवळ्याचे घर

१८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंना शाळेचे रीतसर शिक्षण नव्हते. १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. ग्रंथाचा आरंभ त्यांच्या वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याने होतो. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यावयाची नाही, हा त्या घरचा दंडक होता. वाचक या भागाला हसतो आणि लेखिकेलाही त्याने हसावे असेच वाटते. परंतु रचनेच्या दृष्टीने हा आरंभ हेतुपूर्ण आहे. ज्या घरात धर्म म्हणजे स्पर्शाची भीती, त्या घरातील मुलगी पुढे ज्या धर्मात जाणार आहे त्याची कसोटीही स्पर्शावरच लागणार आहे. पहिल्या प्रकरणांतील विनोद ही नंतरच्या संघर्षाची पूर्वतयारी आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३. दोन चुली

पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंनी काही वर्षे नातलगांच्या आधाराने काढली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. पती ख्रिस्ती, पत्नी ब्राह्मण आचार पाळणारी, स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, अशा अवस्थेत हा संसार पुन्हा सुरू झाला. टिळकांनी सक्ती केली नाही. पत्नीच्या आचाराची सोय केली आणि वाट पाहिली. मराठी साहित्यात श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा इतका घरगुती आणि इतका कठीण प्रयोग क्वचितच आढळेल.

याच काळात लक्ष्मीबाईंच्या मनात जो विचार सुरू झाला त्याचा विषय त्रैक्य किंवा तारण हा नव्हता. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर सापडताच त्यांनी पहिले पाऊल उचलले ते मंदिराकडे नव्हे, पाण्याकडे. कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचा निर्धार आधी झाला. राहुरी येथील बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. हा क्रम अभ्यासकाने नीट पाहावा. प्रचलित समजुतीप्रमाणे श्रद्धा आधी येते आणि आचार तिच्यामागून. येथे आचार आधी बदलला आणि त्या बदलाने श्रद्धेची वाट मोकळी केली. बाप्तिस्म्याच्या पाण्याचा अर्थ लक्ष्मीबाईंना माठातील पाण्याने शिकविला.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तेथील ब्राह्मण विधवांना त्यांचे आचार पाळण्याची मुभा ठेवली होती. रमाबाईंनी संस्थेच्या पातळीवर जी मोकळीक दिली तीच टिळकांनी एका घरात दिली. दोन्हीकडे स्वयंपाकघर हीच धर्माची खरी सीमारेषा आहे, हे ओळखलेले दिसते.

४. दुष्काळातील मुले, दारातील पाहुणे

१८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली मुले मिशनांच्या आश्रयास आली आणि टिळकांच्या घरीही मुलांचा सांभाळ होऊ लागला. पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील त्यांच्या घरात बालकवी ठोमरे यांच्यासारखा तरुण कवी मुलासारखा राहिला. ‘शेजाऱ्यावर प्रीती करा’ ही शिकवण उच्चारण्यास सोपी आहे. परंतु शेजारी जेव्हा घरात राहावयास येतो आणि पिठाचा डबा रिकामा असतो, तेव्हा तिचे स्वरूप बदलते. लक्ष्मीबाई या प्रसंगांचे वर्णन करताना त्यागाची भाषा वापरीत नाहीत. त्या चिडतात, पतीशी भांडतात, हिशेब करतात आणि शेवटी पान वाढतात. त्यांच्या विनोदाचे कार्य येथे उमगते. उपदेशाची भाषा टाळून सत्कृत्य सांगण्याचा तो मार्ग आहे. विनोद काढून घेतला तर हीच प्रकरणे एखाद्या धर्मपत्रिकेतील बोधकथा ठरली असती.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून संन्यास स्वीकारला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला भारतीय वेषात आणण्याचा हा प्रयत्न इतिहासात नोंदला गेला आहे. परंतु संन्यासी झालेल्या पुरुषाचा संसार कोणीतरी चालवावाच लागतो, हे सत्य नोंदविले ते ‘स्मृतिचित्रां’नीच. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायना’चा मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी रचला. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि काव्य १९३८ मध्ये प्रकाशित झाले. शाळेत न गेलेल्या स्त्रीने पतीचे महाकाव्य पुढे नेले, ही घटनाही त्यांनी घरातील अपुरे काम पुरे करावे तशी केली.

५. मराठी भक्तिपरंपरेशी नाते

नित्यकर्म हेच उपासनेचे स्थान मानणारी दृष्टी मराठी वाचकाला परकी नाही. जनाबाईंचे जाते, सावता माळ्याचा मळा, गोरा कुंभाराचे चाक यांनी ती आपल्या मनात रुजविली आहे. लक्ष्मीबाईंची श्रद्धा मराठी मनाला सहज आपली वाटते याचे हे एक कारण असावे. मात्र साम्याबरोबर भेदही सांगावयास हवा. संतांच्या रचनेत देव कामाला हात लावतो. तो दळतो, कांडतो. ‘स्मृतिचित्रां’मध्ये देव असा प्रकट होत नाही. तेथे काम माणसालाच करावे लागते आणि श्रद्धेचा पुरावा म्हणून केवळ झालेले काम उरते.

६. ग्रंथाची मर्यादा

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल आणि तो गंभीर आहे. अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार समाजातून आलेला होता. लक्ष्मीबाईंसाठी श्रद्धेने जगणे म्हणजे वरचे स्थान सोडणे. या बहुसंख्य ख्रिस्ती जनांसाठी त्याचा अर्थ नाकारलेले माणूसपण मिळविणे, असा होता. ज्यांच्या हातचे पाणी पिण्याचा निर्धार लेखिकेने केला, त्या हातांची कहाणी ग्रंथात दुय्यम राहते. पाणी घेणाऱ्याचे अंतःकरण आपणास दिसते. देणाऱ्याचे दिसत नाही.

ग्रंथाच्या प्रकाशनाचा काळ ध्यानी घेतल्यास हा आक्षेप अधिक धारदार होतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासूनचा, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होत असताना पाणी आणि धर्मांतर हे दोन्ही शब्द महाराष्ट्रात पेटलेले होते. लक्ष्मीबाईंनी आपल्या घरात जो प्रश्न एका माठापुरता सोडविला तो महाडला एका तळ्याचा आणि पुढे एका समाजाचा झाला. वैयक्तिक आचारशुद्धी सामाजिक न्यायाची जागा घेऊ शकत नाही. पण तिच्यावाचून न्यायाचा कायदा उंबऱ्याबाहेरच थांबतो, हेही तितकेच खरे. ग्रंथाचे आजचे मोल या दोन विधानांच्या मध्ये आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावाच्या पंचक्रोशीतून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला ख्रिस्ती धर्मशास्त्राचा परिचय बहुधा नसतो. परंतु पाणवठा, पंगत, उंबरठा, वेगळे भांडे या गोष्टींचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागत नाही. म्हणून अध्यापनाची सुरुवात सिद्धान्तापासून न करता या वस्तूंपासून करावी. पुढील प्रश्न वर्गापुढे ठेवता येतील. आरंभीच्या सोवळ्याच्या चित्रणाचा बाप्तिस्म्यापूर्वीच्या निर्धाराशी रचनात्मक संबंध कोणता? विनोद कोणत्या प्रसंगी दुःख झाकतो आणि कोणत्या प्रसंगी सत्कृत्य झाकतो? ‘अरुणोदय’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांतील निवेदकाचा लिंगभेद श्रद्धेच्या कल्पनेत कोणता फरक घडवितो? दलित आत्मकथनांतील पाण्याचे प्रसंग या ग्रंथाशेजारी ठेवून वाचल्यास काय दिसते?

शेवटचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. मराठी ख्रिस्ती साहित्य हे मुख्य प्रवाहाचे परिशिष्ट म्हणून शिकविण्याची सवय अभ्यासक्रमांना जडली आहे. माठातील पाणी कोणी कोणाला द्यावे, हा प्रश्न कोणत्याही एका धर्माच्या परिशिष्टात मावणारा नाही. तो मराठी समाजाचा मध्यवर्ती प्रश्न आहे आणि ‘स्मृतिचित्रे’ त्याच ठिकाणी ठेवून शिकविली पाहिजेत.