सर्दीची बाटली नको, श्वास मोजा



हिवाळा लागला की जालना एमआयडीसीभोवतीच्या आपल्या वस्त्यांत घरटी एक तरी लेकरू नाकाने सुरसुर करत असते. भट्ट्यांचा धूर, पत्र्याच्या घरातली चूल, बापाची बिडी. लहान छातीला हे सगळे सोसत नाही. कामाचा खाडा परवडत नाही, म्हणून आई मेडिकलवरून 'सर्दीची बाटली' आणते. आज त्या बाटलीपासूनच सुरुवात करू.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात साध्या सर्दी-खोकल्याची वीसहून अधिक लेकरे 'कोल्ड्रिफ' हे औषध पिऊन मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यांतली बरीच उपचारासाठी नागपूरला आणली होती. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघाले. महाराष्ट्राला ते नवे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग त्यावरच बसला होता. छिंदवाड्यानंतर केंद्राने राज्यांना कळवले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. आणि बाटली शुद्ध असली तरी ती सर्दी बरी करत नाही. सर्दी विषाणूची, आठवडा-दहा दिवसांत आपली आपण उतरते. अँटिबायोटिकही तिला लागू पडत नाही.

मग घरात काय करायचे? अंगावरचे दूध तोडू नका, उलट थोडे-थोडे, जास्त वेळा पाजा. नाक चोंदले की लेकरू ओढत नाही. कपभर पाणी उकळून निववा, चहाचा पाव चमचा मीठ विरघळवा, पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाका आणि मऊ सुती कापडाने पुसा. पाणी रोज नवे करा. सहा महिन्यांवरच्या लेकराला पेज, वरणाचे पाणी द्या. मध एक वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते. वर्षानंतर झोपताना अर्धा चमचा दिला तर खोकल्याला खरोखर आराम पडतो. हळदीचे दूध मोठ्या मुलाला चालेल. घसा शेकतो, एवढेच.

आजीचे सगळे टाकाऊ नाही, पण परंपरेने आले म्हणून खरे मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे. नाकात तेल घातले तर ते फुप्फुसात उतरते. कापराने तान्ह्याला झटके येऊ शकतात. ओव्याची धुरी म्हणजे धूरच. ब्रँडी तर नकोच नको. वाफेच्या पातेल्याने भाजलेली लेकरे आम्ही वॉर्डात पाहिली आहेत, म्हणून तेही नको.

खरी भीती न्यूमोनियाची. बाबासाहेब आणि रमाईंचा राजरत्न १९२६ च्या जुलैत न्यूमोनियानेच गेला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हते. आज आहे, पण लेकरू वेळेत पोचले तर.

ओळखायला यंत्र लागत नाही. लेकरू शांत किंवा झोपलेले असताना अंगडे वर करा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येते ते मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रडताना मोजलेला आकडा धरू नका. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, लेकरू पीत नसेल, झटके आले, ओठ निळसर पडले किंवा उठवूनही उठेना, तर आकडा मोजत बसू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी थांबू नका. बाप रात्रपाळीला असेल तर त्याची वाट न पाहता १०८ लावा आणि जिल्हा सामान्य रुग्णालय गाठा.

न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. लेकराचे कार्ड आज काढून बघा. एखादा डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी घेऊन जा.