उपचारापूर्वी विचारावयाचा एक प्रश्न



कतारमध्ये आज हजारो मराठी तरुण नोकरीस आहेत. तेथे कर्करोगावर चांगले उपचार होतात. दोह्यातील राष्ट्रीय कर्करोग केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. पण परमुलखात असा आजार निघाला की घरचे एकच विचारतात, "वाचेल ना?" दुसरा प्रश्न लाजेपोटी राहून जातो. तो आम्ही येथे मांडतो: "पुढे मूल होईल का?"

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. शुक्रजंतू निर्माण करणाऱ्या पेशीही तशाच असल्याने त्यांनाही इजा होते. काहींची शक्ती काही वर्षांनी परत येते, काहींची कधीच येत नाही. म्हणून पहिला डोस घेण्यापूर्वीच वीर्य गोठवून ठेवावे. वीर्याचे एक-दोन नमुने घेऊन ते द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. यास बहुधा थोडेच दिवस लागतात. गोठवलेल्या वीर्यापासून गर्भधारणा झाल्याची पहिली नोंद १९५३ सालची आहे, म्हणजे ही गोष्ट काही नवी नव्हे.

पुण्याचा एक तरुण शिक्षणासाठी जर्मनीत गेला. तेथे त्याला मेंदूचा ट्यूमर निघाला. केमोथेरपीपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने वीर्य गोठवून ठेवले आणि आपल्यामागे त्याचा निर्णय कोणी घ्यावा तेही नोंदवले. २०१६ मध्ये तो वारला. आईने ते वीर्य पुण्यास आणवले. नात्यातील एका स्त्रीने गर्भ वाढवला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये जुळी जन्मली, एक मुलगा व एक मुलगी.

प्रत्येक घरी असेच व्हावे असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक देशाचे नियम निराळे. कतारमध्ये मूल होण्याचे असे उपचार विवाहित पतिपत्नींपुरतेच आहेत. भारतातही २०२१ च्या सरोगसी कायद्याने बंधने घातली आहेत. म्हणून संमतीपत्रावर सही करताना पुढे काय करावे, कोणी करावे, हे स्पष्ट लिहावे. अविवाहिताने आधी चौकशी करावी.

धर्माविषयी शंका असल्यास रब्बींना जरूर विचारावे, पण त्याच दिवशी. औषध सुरू झाल्यावर विचारून फारसा उपयोग नाही.

आईबापांनो, मुलगा लाजत असेल तर तुम्ही विचारा. डॉक्टरांना या प्रश्नाचे नवल वाटत नाही.