तालाचा सराव आणि संगणक



पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालणारे मूल शेजारच्याच्या टाळाशी आपला टाळ जुळवीत ठेका शिकते. ऐकणे, वाजविणे व चूक सुधारणे ही तिन्ही कामे तेथे एकदमच घडतात. संगणकावर तालाचा सराव करून घ्यावयाचा असेल, तर हीच रीत राखली पाहिजे.

उदाहरणार्थ, रूपक ताल घ्यावा. मात्रा ७, विभाग ३, २, २. विभाग असमान असल्याने तो मुलांना अवघड वाटतो. पहिल्या मात्रेवर खाली. चौथ्या व सहाव्या मात्रेवर टाळी. प्रथम हे हातांनी करवून घ्यावे. मग २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्क्रॅच’ या विनामूल्य साधनात वरच्या वर्गातील मुलांकडूनच लहानशी आज्ञावली रचवून घ्यावी. मिनिटास ६० मात्रा धरल्या, तर आवर्तन सुरू झाल्यापासून तिसऱ्या व पाचव्या सेकंदास टाळी येते. एक आवर्तन संगणकाने ऐकवावे. दुसऱ्यात त्याने मौन पाळावे आणि मुलाने टाळीच्या जागी कळ दाबावी. कळ लवकर दाबली गेली की उशिरा, हे संगणकाने लगेच दाखवावे.

यातील मौन महत्त्वाचे आहे. ठेका अखंड वाजत राहिला, तर मूल त्याच्यामागून जाते. स्वतः लय धरीत नाही. चुकल्यास गुण न कापता पुन्हा संधी द्यावी.

जेथे संगणक नाही, तेथे एक आवर्तन गुरुजींनी द्यावे व दुसऱ्यात हात आवरावेत. लय मुलाच्या ठायी रुजली, की साधनाचे काम संपले.