बोटातला ऑक्सिजन आणि गाठीतला

अगं, परवा फोनवर तुझा आवाज इतका दमलेला होता की मी फार बोलले नाही. आज सवडीनं सांगते. 'ताई, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, मग डॉक्टर अण्णांच्या कॅन्सरच्या गाठीत ऑक्सिजन कमी असेल असं का म्हणाले?' हे तू विचारलंस ते बरं केलंस. रेडिएशन विभागात इतकी वर्षं काम करतेय, पण घरची माणसं हे क्वचितच विचारतात.

ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन सांगतो. ते रक्त गाठीच्या आतपर्यंत पोचतं का, हे त्याला कळत नाही. गाठ घाईनं वाढते, तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात. १९५५ साली इंग्लंडात थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तपुरवठ्यापासून साधारण मिलिमीटरच्या दोन दशांश अंतरापलीकडे पेशी मेलेल्या दिसल्या. मेलेल्यांची काळजी नाही गं. त्यांच्या अलीकडे ज्या ऑक्सिजनवाचून अर्धपोटी, पण जिवंत राहतात, त्या चिवट. किरणं पेशीच्या डीएनएला जखम करतात आणि ऑक्सिजन ती जखम पक्की करतो. तो नसला की पेशी बरीचशी सावरते. ऑक्सिजन अजिबात नसलेली पेशी मारायला जवळपास तिप्पट डोस लागतो.

हे मोजताही येतं. डेन्मार्कमध्ये आर्हूसच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या मानेतल्या गाठींत बारीक सुईसारखा इलेक्ट्रोड घालून ऑक्सिजनचा दाब मोजला. निरोगी भागात तो साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. ज्यांच्या गाठीत २.५ हून कमी नोंदी जास्त, त्यांच्यावर रेडिएशनचा परिणाम कमी झाला. आता खास पेट स्कॅननंही अशा जागा दिसतात, पण तो अजून बहुतेक संशोधनातच वापरतात. तेव्हा अण्णांची ही तपासणी झाली नाही म्हणून कुणी हयगय केली असं मनात आणू नकोस.

उपचाराची आखणीच हे ओळखून केलेली असते. रोज थोडा थोडा शेक, म्हणजे रेडिएशन, का देतात? आज भरल्या पोटाच्या पेशी मरतात, मग मागच्या उपाशी पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचू लागतो आणि पुढच्या शेकात त्याही सापडतात. शिवाय मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढायला लागतात.

म्हणूनच सांगते, आषाढीला चार दिवस अण्णांना गावी नेऊ नकोस. त्यांचा जीव वारीत अडकलाय, मला ठाऊक आहे. पण या सात आठवड्यांत सोमवार ते शुक्रवार एकही शेक चुकायला नको. तोंड आलं, गिळवेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. आपल्या मनानं सुट्टी घेऊ नका.

दुसरं, बिडी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. रेडिएशन चालू असताना ओढत राहणाऱ्यांना उपचाराचा गुण कमी येतो, हे अभ्यासांत दिसलंय. 'आता सोडून काय उपयोग' असं अण्णा म्हणतील. त्यांना सांग, उपयोग आत्ताच सगळ्यात जास्त आहे.

तिसरं, हिमोग्लोबिन वेळच्या वेळी तपासून घे, पण रक्त वाढवायचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून देऊ नकोस. घशाच्या कॅन्सरमध्ये ते देऊन पाहिलं होतं. २००३ साली निकाल आला तेव्हा हिमोग्लोबिन वाढलेलं होतं, पण आजार जास्त बळावला होता. घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणायचा विचारही सोड. ९८ चे १०० झाले तरी गाठीच्या पोटात त्यातलं फारसं काही जात नाही.

बिडीचं तुझ्याच्यानं बोलवत नसेल, सुनेनं सासऱ्यांना कसं सांगायचं असं वाटत असेल, तर उद्या संध्याकाळी फोन लावून त्यांच्या हातात दे. मी बोलते त्यांच्याशी. तू तेवढा वेळ जरा पड.