रिमॅप केलेली जुनी ऑक्टाव्हिया घ्यावी का?

प्रश्न: पुण्यातल्या एका गृहस्थांची २०१५ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय विकायची आहे. डीएसजी ऑटोमॅटिक. इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ‘स्टेज वन’ रिमॅप केलेलं आहे, एअर फिल्टर बाहेरून आणून बसवलाय, सायलेन्सर बदललाय. मालक म्हणतात, कंपनीची १८० ची ताकद आता २३५ झाली, टॉर्क ३८० वर गेला आणि आजवर इंजिनाला हात लावावा लागला नाही. किंमत माझ्या आवाक्यातली आहे. मला दर आठवड्याला बीडला आणि अधूनमधून धारूरमार्गे केजला जावं लागतं. घरचे म्हणतात, कुणीतरी पिळून काढलेली गाडी दारात आणू नकोस. अशा गाडीचा भरवसा धरता येतो का?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर: इंजिनाला हात लावावा लागला नाही, हे मालकांचं म्हणणं खरंही असेल. ते इंजिन दमदार आहे आणि नीट केलेलं रिमॅप ते बरीच वर्षं सोसतं. मला काळजी वाटते ती त्याच्या मागच्या गिअरबॉक्सची.

तुम्ही बघताय ती ऑक्टाव्हिया आपल्या मराठवाड्यातच, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली गेलेली आहे. स्कोडाने २००१ पासून तिथे गाड्या जोडल्या. याच घरातली सुपर्ब २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्यातही हेच १.८ लिटरचं इंजिन होतं, ताकदही तीच, १८० पीएस. पण हाताने गिअर टाकायच्या सुपर्बला कंपनीने ३२० न्यूटन मीटर टॉर्क दिला आणि सात गिअरच्या डीएसजी सुपर्बला फक्त २५०. इंजिन एकच असताना ७० न्यूटन मीटर कंपनीने स्वतःहून दाबून का ठेवले? कारण ‘डीक्यू २००’ नावाच्या त्या गिअरबॉक्सची मर्यादाच २५० आहे. तुमच्या ऑक्टाव्हियातही तोच गिअरबॉक्स आणि तोच २५० चा आकडा आहे. रिमॅप करणाऱ्याने कंपनीने घातलेला हा बांध फोडला. मालक सांगतात तो ३८० चा आकडा खरा असेल, तर तो गिअरबॉक्स दीडपट ओझं वाहतोय. आकडा फुगवून सांगितला असेल, तर ओझं तेवढं कमी. माझ्या मते इथे विकणाऱ्याची बढाई खोटी निघाली तरच तुमचा फायदा आहे.

हे दडपण कुठे पडतं ते समजून घ्या, कारण गाडी तपासताना तेच उपयोगी पडेल. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एक पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर सांभाळतो, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. दोन्ही कोरडे असतात. त्यांना थंड ठेवायला तेल नसतं, उष्णता बाहेर जाते ती आजूबाजूच्या हवेतच. मोकळ्या रस्त्यावर हे उत्तम चालतं. पण तुम्ही तेलगाव सोडून धारूरच्या घाटाला लागलात आणि पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असला, की तुमची गाडी ताशी सहा-सात किलोमीटरने चढत राहते. त्या वेगाला पहिला गिअरही पूर्ण धरत नाही. कॉम्प्युटर क्लच अर्धवट दाबून ठेवतो आणि प्लेट घासत राहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळपाचा हंगाम, आणि तो संपतो न संपतो तोच चाळिशीपार जाणारा उन्हाळा. एप्रिल-मेच्या दुपारी क्लचभोवतीची हवा आधीच तापलेली असते. कंपनीने सोडली तशी ऑक्टाव्हियाही अशा चढावर जपूनच चालवावी लागते. रिमॅप केलेलीत ओव्हरटेक करायला पाय दाबला की दीडपट टॉर्क त्याच तापलेल्या प्लेटवर येतो.

पुण्याचे मालक खोटं बोलतात असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांची गाडी द्रुतगती मार्गावर जास्त धावली असेल, तर क्लचला त्रास झालाही नसेल. गाडीचा भरवसा ती कुठे चालते त्यावर ठरतो. त्यांचा अनुभव धारूरच्या घाटात लागू पडेल, असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. रिमॅप करणारा प्रज्वलनाची वेळ आणि टर्बोचा दाब ठरवताना कुठलं तरी पेट्रोल गृहीत धरतो. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये निवडक शहरांत आणलं, त्यात पुणं होतं. मालकांच्या रिमॅपची फाइल त्या पेट्रोलवर बेतलेली असेल आणि तुम्ही गावच्या पंपावरचं साधं पेट्रोल भरणार असाल, तर नॉकिंगचा धोका आहे. नॉकिंग म्हणजे ठिणगी पडल्यावर ज्वाळा शांतपणे पसरण्याऐवजी उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं. सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर वेळ मागे घेतो, म्हणजे ज्या ताकदीचे तुम्ही पैसे मोजणार ती तिथेच विरते. सेन्सरची ही राखण कुणी ढिली करून ठेवली असेल, तर मार पिस्टनवर बसतो.

यात आता इथेनॉल आलं. आपल्या जिल्ह्यातला ऊसही या हिशोबात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं ऑक्टेन जुन्या साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतं, पूर्वीच्या ९१ ऐवजी ९५. नॉकिंगच्या बाबतीत ही चांगली बातमी आहे. मात्र तेवढ्याच हवेला हे इंधन जास्त लागतं. कंपनीच्या इंजिनात पंप आणि इंजेक्टरकडे त्यासाठी हात राखून ठेवलेला असतो. रिमॅपने तो हात आधीच वापरलेला असतो. शिवाय २०१५ ची गाडी वीस टक्के इथेनॉल धरून बनवलेलीच नाही, तेव्हा रबरी नळ्या आणि सील नजरेखाली ठेवावे लागतील. म्हणून मालकांना सरळ विचारा: रिमॅप कोणत्या वर्षी केलं, कोणत्या पेट्रोलवर केलं, आणि कंपनीची मूळ फाइल जपून ठेवलीय का? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं आणि फाइल खरोखर हातात मिळाली, तर गाडी पुन्हा मूळ अवस्थेत नेता येते. फाइल नसेल, तर बोलणं तिथेच थांबवा.

बाहेरून बसवलेल्या एअर फिल्टरबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्याकडच्या धुळीत तो नको. उघडा फिल्टर धूळ आत सोडू लागला तर टर्बोच्या पात्या झिजतात. मूळ डबा आणि मूळ फिल्टर परत बसवायला फार खर्च नाही.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर रस्त्यावर उभ्या पोलिसाला लांबूनच कळतो. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही, पण अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला येतो तेव्हा न सांगितलेला बदल नुकसानभरपाई नाकारायला कारण ठरू शकतो. पुढे चूक कुणाची यावर कितीही वाद घातला, तरी गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तोवर तुमच्या खिशातून गेलेला असतो.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकांना आदल्या रात्रीच सांगा की सकाळी इंजिन थंड हवं. आधीच गरम करून ठेवलेलं दिसलं तर पुन्हा यायची वेळ घ्या. सोबत या गाड्यांचा जाणकार मिस्त्री आणि त्याचा स्कॅनर हवाच. स्कॅनर लावल्यावर नुसते फॉल्ट कोड बघू नका. कोड विक्रीआधी पुसता येतात. ते नुकतेच पुसले असतील तर इंजिनाच्या स्वयंतपासण्या अपूर्ण राहिलेल्या दिसतात. सगळं स्वच्छ आणि तपासण्या मात्र अपूर्ण, असं दिसलं की सावध व्हा. जुना कोड शिल्लक असेल तर तो नोंदला गेला तेव्हाचे किलोमीटरही सोबत मिळतात. ते डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघाले, तर मीटर मागे फिरवलेलं आहे. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये दोन्ही क्लचच्या झिजेची आणि तापमानाची नोंद असते, तीही वाचून घ्या. मग गाडी चढावर न्या, ब्रेक सोडून नुसती सरकू द्या, रिव्हर्समध्येही सरकू द्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवली, किंवा रिव्हर्स घेताना झटका बसला, तर क्लचचा खर्च दारात उभा आहे. बॉनेट उघडून इंजिनाच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक घराजवळ गुलाबी खपली दिसते का ते पाहा. या इंजिनात तिथून कूलंट पाझरतं, आणि तापमान वाढलेलं इंजिन रिमॅपला क्षमा करत नाही.

घरच्यांचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. ज्याने ताकद वाढवून घेतली, त्याने ती वापरली असणारच. पण त्यासाठी सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. वेळेवर तेल बदलणारा, बिलं फाइलला लावणारा, काय काय बदललं याची यादी स्वतःहून हातात ठेवणारा हौशी माणूस कित्येक ‘कंपनीने सोडली तशी’ ठेवलेल्या गाड्यांच्या मालकांपेक्षा गाडीची जास्त निगा राखतो. तुमच्या मालकांकडे बिलं आहेत का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

तुम्हाला जोरदार गाडीच हवी असेल, तर दोन वाटा मला बऱ्या वाटतात. एक, हाताने गिअर टाकायची १.८ टीएसआय सुपर्ब, जिला कंपनीनेच ३२० चा टॉर्क दिलाय. कशालाही हात न लावलेली मिळाली तर उत्तम. दुसरी, २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस. तिच्यात दोन लिटरचं इंजिन, २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर आहे, आणि त्याला साजेसा तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी. त्याचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदललं गेलंय याचं बिल मात्र मागाच. दोन्ही गाड्या तुमच्या ऑक्टाव्हियापेक्षा महाग पडतील, आणि जास्तीचे पैसे कंपनीने तपासून दिलेल्या ताकदीचे असतील.

तरीही हीच ऑक्टाव्हिया मनात भरली असेल, तर अट अशी घाला: मालकांनी स्वखर्चाने मूळ फाइल, मूळ एअर फिल्टर आणि मूळ सायलेन्सर परत बसवून द्यावा, आणि त्यानंतरच्या स्कॅनची प्रत तुम्हाला द्यावी. क्लच बदलावा लागेल असं धरून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, कर्ज फिटल्याचा ३५ नंबरचा फॉर्म आणि १४ दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करायचा अर्ज, यातलं काहीही नंतरवर ढकलू नका. गाडी तुमच्याकडे आली तरी आरटीओच्या दफ्तरी जुन्या मालकाचंच नाव राहिलं, तर अपघाताच्या दाव्यात त्यांना कोर्टात उभं राहावं लागतं आणि तुमचा विम्याचा हक्क अडकतो.

आज आहे त्या अवस्थेत, रिमॅपसकट, ही गाडी माजलगाव-धारूर रस्त्यासाठी घेऊ नका. स्कॅनचा कागद हाती येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.