शोधाचा परवाना म्हणजे कामाचा परवाना नव्हे



भाषांतर करणाऱ्याला एक नियम पाळावा लागतो : मूळ शब्द जेवढे सांगतो तेवढेच सांगावे; त्यात आपली इच्छा मिसळू नये. परदेशी जाऊ पाहणाऱ्या तरुणांना व त्यांच्या आईवडिलांनाही हा नियम उपयोगी पडेल. ‘व्हिसा मिळाला’ ह्याचा अर्थ ‘नोकरी मिळाली’ असा घेऊन दागिने गहाण ठेवणारी कुटुंबे आहेत. म्हणून नोकरी शोधण्यासाठी मिळणारा व्हिसा नेमके काय देतो, हे आपण जर्मनीच्या उदाहरणावरून पाहू.

१. नावाचा अर्थ

जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘शांसेनकार्टे’ देण्यास आरंभ केला. ह्या शब्दाचा अर्थ ‘संधीपत्र’. त्यात संधी आहे, नोकरी नाही. हे पत्र असणाऱ्यास जास्तीत जास्त एक वर्ष तेथे राहून नोकरी शोधता येते. ह्या काळात आठवड्याला एकूण २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते. तसेच एखाद्या मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करता येते. योग्य नोकरी मिळाल्यावर तेथील परकीय नागरिकांच्या कार्यालयातून कामाचा निराळा परवाना घ्यावा लागतो.

२. पात्रता

अर्जदाराची पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यवसायशिक्षण ज्या देशात झाले, त्या देशात ते शासनमान्य असले पाहिजे. जर्मन भाषेची ‘ए१’ किंवा इंग्रजीची ‘बी२’ पातळी आवश्यक आहे. ज्यांच्या शिक्षणास जर्मनीत पूर्ण मान्यता आहे त्यांना गुणांची अट नाही. इतरांना किमान ६ गुण मिळवावे लागतात.

उदाहरणार्थ, ३३ वर्षांच्या पदवीधराला वयाचे २, आपल्या क्षेत्रातील गेल्या सात वर्षांतील पाच वर्षांच्या अनुभवाचे ३ व ‘सी१’ इंग्रजीचा १, असे ६ गुण मिळतात. तोच अर्जदार ४१ वर्षांचा असल्यास वयाचे गुण जातात व ४ उरतात. मग ‘बी१’ पातळीपर्यंत जर्मन शिकून २ गुण भरून काढावे लागतात.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कन्या परिचारिका आहेत. त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, की जर्मनीत परिचारिकेचे काम करण्यापूर्वी शिक्षणाची मान्यता व व्यवसायाची परवानगी मिळवावीच लागते. केवळ संधीपत्रावर ते काम करता येत नाही.

३. खर्चाचा हिशेब

बुरूज बांधू पाहणाऱ्याचा दाखला (लूक १४) आपणांस परिचित आहे. येथेही आधी बसून हिशेब करावा लागतो. २०२५ साली निर्वाहासाठी दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षासाठी १३,०९२ युरो, आपल्याजवळ असल्याचा पुरावा द्यावा लागत असे. ही रक्कम वेळोवेळी बदलते. ती बहुधा विशेष खात्यात ठेवली जाते व त्यातून दरमहा ठरावीक हप्ताच काढता येतो. ती कोणाचे शुल्क नव्हे, अर्जदाराच्याच अन्ननिवाऱ्याची तरतूद होय. परंतु ती कर्जाऊ आणली असेल व वर्षभरात नोकरी मिळाली नाही, तर अर्जदार परत येतो आणि कर्ज मात्र उरते.

४. सावधगिरी

अर्ज आपल्या राहत्या राज्यासाठी नेमलेल्या जर्मन वकिलातीकडे करावयाचा असतो. त्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. ‘शोधाच्या व्हिसावर नोकरी नक्की’ असे सांगणारा मनुष्य त्या व्हिसात नसलेली गोष्ट विकत असतो. एजंटाकडे जायचेच असेल, तर भारत सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ व्यवस्थेत त्याची नोंदणी आहे काय हे आधी पाहावे. खोटे अनुभवपत्र कोणी ‘करून देतो’ म्हटले, तर तेथूनच परत फिरावे. ज्याच्या आरंभीच असत्य आहे, त्या नोकरीत तपासणीचे भय कायम राहते.

परदेशी जाणे गैर नाही. भुकेच्या काळात याकोबानेही आपल्या पुत्रांना मिसरात धाडले. मात्र हाती पडलेल्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचूनच पाऊल उचलावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या व्हिसात काम करण्याची परवानगी आहे, की केवळ शोधण्याची?
२. वर्षभरात नोकरी न मिळाल्यास कर्ज कोण व कसे फेडील?
३. माझ्या अर्जातील प्रत्येक कागद खरा आहे काय?